झटक्याला न भुलणारे काका

मलकापुरातल्या आमच्या घरासमोरच्या कडुनिंबावर निंबोळ्यांपेक्षा छत्र्या, कंदील आणि पिशव्याच जास्त लोंबतात. प्रत्येक वस्तूच्या खाली वीट बांधलेली असते. गावात नव्याने आलेला माणूस हे पाहून आमच्यावर कोणी करणी केली असावी, असे समजतो. वस्तुतः ती आमच्या भाऊकाकांची परीक्षा असते. नवी वस्तू वजनासह टांगायची आणि विसरून जायची. "झटक्याले कोणीबी टिकते बे," हे त्यांचे आवडते वाक्य. "टांगून ठेव, मंग सांग."

काका जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर होते. कापसाचे तंतू चिमटीत ओढण्यात त्यांची हयात गेली आणि जगातली प्रत्येक गोष्ट ओढूनच पारखायची असते, असा त्यांचा ग्रह झाला. मी एम.एस्सी. झाले तेव्हा पेढा हातात घेऊन ते म्हणाले, "नोकरीत वर्ष काढ, मंग खातो." आणि तो पेढा त्यांनी परत डब्यात ठेवला. हा अपमान मी अजून पचवलेला नाही.

त्याहून मोठा संताप याचा, की त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. नायलॉनचे रेणू म्हणजे लांबलचक साखळ्या. धागा झटकन ओढला तर त्या साखळ्यांना सरकायला सवड मिळत नाही आणि धागा दांडगा भासतो. भार सावकाश दिला, किंवा दिवसभर राहू दिला, की त्या हळूहळू घसरतात आणि तोच धागा कमी वजनाला तुटतो. ज्यासाठी मी नागपूरच्या प्रयोगशाळेत डोळे फोडले, ते हे गृहस्थ विटा बांधून सांगतात आणि वर माझा पेढा नाकारतात.

यंदा त्यांनी कहर केला. त्यांची मुलगी सुमन लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला माहेरी आली होती. आमच्याकडे माहेरवाशीण झोका घेतल्याशिवाय सासरी परतत नाही. काकांनी नायलॉनचा दोर आणायचे ठरवले. दुकानदाराने दोन हमालांकरवी दोराला हिसके देऊन दाखवले. काकांनी त्याला भर बाजारात लबाड ठरवले, दोर मात्र तोच घेतला आणि कडुनिंबाला बांधून त्याला सरकीचे भरलेले पोते टांगले.

पंचमी आली आणि गेली. गल्लीतल्या पोरी पोत्याकडे बघून तोंडे वाकडी करत राहिल्या. सुमनला न्यायला आलेला तिचा दीर ओसरीवर बसून एकेक गाडी चुकवू लागला. काकूने तर पोत्याऐवजी काकांनाच टांगण्याची भाषा सुरू केली.

अखेर मीच काकांना जाब विचारला. पोते सुमनहून जड आहे, ते पंचमीच्या आधीपासून टांगलेले आहे, आता आणखी काय हवे? काकांनी उत्तरादाखल पोत्यात एक धोंडा टाकला. वजन बदलले, म्हणजे परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. ही पद्धत नव्हे, हा अडेलतट्टूपणा आहे, आणि कोणत्याही प्रयोगशाळेने तुम्हाला दाराबाहेर काढले असते, असे मी स्पष्ट सुनावले.

काका पोत्यावर हात ठेवून उभे राहिले. मग ओसरीकडे पाठ करून हळू आवाजात म्हणाले, "सुमीचं लगन झटक्यात उरकलं मी. पाव्हणे आले, पोरगी पसंत, लागल्या अक्षता. तवा हू का चू केलं नाही तिनं. पन रोजचं वजन तिले झेपून राह्यलं का नाही, मले कोन सांगते? तू इचार. मले नाही सांगायची ती."

त्यांच्याशी भांडण्यासाठी मी आणखी चार मुद्दे तयार ठेवले होते. ते तसेच ठेवून मी परसाकडे वळले.

सुमन परसात केस वाळवत बसली होती. मी आडवळणे न घेता विचारले. ती आधी हसली. "बरं हाय वं ताई. सासूबाई लय जीव लावतात, हेबी सुधे हायेत." मग केस झटकायचे थांबवून तिने कडुनिंबाकडे पाहिले. "पन बाबाले आज नको सांगू. उद्या सांग. आजच्या दिस पोतं राहू दे."

मी ओसरीवर आले आणि पदवीचा सगळा भार आवाजात आणून तिच्या दिराला बजावले, की शास्त्राप्रमाणे दोर अद्याप सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्यांनी आज मुक्काम करावा.