पौर्णिमेची भरती सव्वाअकराला

मुलांनो, जरा डोळे मिटा. समोर समुद्र आहे असं समजा. आपल्या जुहूचा नाही, परदेशातला, वेल्सचा. किनाऱ्याला लागून उंचच उंच कडे. बदलापूरला रुळांच्या कडेने नव्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या असतात ना, तस्सेच. फक्त बाल्कनीत कपडे वाळत नाहीत. कड्यांच्या पायथ्याशी काळ्याशार गुहा. दिसल्या? शाब्बास. आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

मी अंबरनाथ पश्चिमेला चौतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने मी इतक्या सागरी गुहा काढल्या, की त्या खऱ्या असत्या तर अर्ध्या गावाची राहायची सोय झाली असती. प्रत्यक्षात मात्र एकही पाहिली नव्हती. त्यामुळे माझा मुलगा धर्मेश बायको-मुलीला घेऊन नोकरीसाठी वेल्सला गेला आणि सहा महिन्यांनी त्याने आम्हा नवराबायकोला तिकडे बोलावलं, तेव्हा मी एकच अट घातली. गुहा दाखवायला मला कोणी गाइड नको. गाइड मीच.

माझ्या बॅगेत दोन मौल्यवान गोष्टी होत्या. एक, उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला पिवळाधमक रेनकोट. "साईं, लंडन में भी सब यही पहनते हैं," दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. तुळशीने, म्हणजे तुमच्या आजीने, तो बघून विचारलं, "ताडपत्री शिवून आणलीत काय?"

दुसरी गोष्ट, एक जुनी वही. माझा आजा बुधाजी मिठागरात राबायचा. त्याला घड्याळ नव्हतं, पण भरती कधी येणार ते तो बसल्या जागी सांगायचा. त्याचं गणित त्या वहीत आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. आज चतुर्थी आहे? चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीन वाजता भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पडताळून पाहा, मुंबईचा समुद्र फार तर थोडाफार मागेपुढे होईल. हे गणित आज्याने बापाला दिलं, बापाने मला; गणिताशेजारी तिघांची नावं एकाखाली एक लिहिलेली आहेत. धर्मेशला द्यायला गेलो, तर तो मोबाइल चार्ज करत होता. आता उरली होती त्याची मुलगी, नऊ वर्षांची जिज्ञासा. तिने ते घेतलं नाही, तर वही माझ्याबरोबरच बंद होणार. म्हणून मी मनाशी ठरवलं होतं, की खऱ्या गुहेच्या तोंडाशी उभं राहून, खऱ्या समुद्रासमोर तिला हे गणित शिकवायचं.

सूनबाईंची त्या दिवशी ड्यूटी होती. आम्ही चौघे अकरा वाजता किनाऱ्यावर पोचलो. पौर्णिमा होती, म्हणजे तिथी पंधरावी. मी वही उघडली.

"जिज्ञासा, पंधरा त्रिक?"

"पंचेचाळीस."

"भागिले चार?"

तिने बोटांवर मोजलं. "सव्वाअकरा."

"म्हणजे आता ऐन भरती आहे. सव्वापाचला ओहोटी. गुहेत आपण चार वाजता जायचं."

सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्र खूप लांब होता. मधे शाळेची चार मैदानं मावतील एवढी वाळू पडली होती आणि माणसं गुहांमधून खुशाल आतबाहेर करत होती.

"बाबा, ही भरती?" धर्मेश म्हणाला.

"भरतीलाच एवढी वाळू, मग ओहोटीला विचार कर. समुद्र थेट आयर्लंडला जाऊन टेकेल."

"पण मोबाइल सांगतोय की एकला ओहोटी आणि सातला भरती. तिथल्या फलकावरही तेच आहे."

"मोबाइल कुठल्या शाळेत शिकला? आणि तो फलक कोणीतरी उलटा भरलाय. होतं असं. आपल्या शाळेतही एकदा वेळापत्रक उलटं लागलं होतं."

धर्मेश माझ्याच वर्गात शिकलेला. त्याने फोन खिशात घातला आणि सवयीने हाताची घडीसुद्धा घातली.

तुळशीचं माहेर उरणच्या बाजूचं. तिने चप्पल काढून वाळूत पाय रोवला. "ही वाळू वरपरेंत भिजलेली हाय. पाणी उतरताना अशी वाळू राहते. समिंदर आता चाललाय परत."

"तुळशी, मी चौतीस वर्षं शिकवलंय."

"समिंदर व्हता का तुमच्या वर्गात?"

मी रेनकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली.

जवळून एक गोऱ्या आजी कुत्र्याला घेऊन गुहेकडे निघाल्या होत्या. शिक्षकाचा जीव, मला राहवेना. मी त्यांना थांबवलं आणि भरती चालू असून पुढे धोका आहे, हे माझ्या इंग्रजीत समजावलं. बुधाजीचं गणितही वाळूवर करून दाखवलं. त्या बराच वेळ वाळूकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या रेनकोटाकडे पाहत राहिल्या. "तुम्ही आत कधी जाणार?" त्यांनी हळूच विचारलं. "चारला," मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कुत्र्याला घेऊन वर कड्यावर गेल्या. एक जीव वाचवल्याचं समाधान मला मिळालं. कुत्रा धरून दोन.

जिज्ञासा तेवढ्यात पाण्याच्या कडेला एक काठी रोवून आली होती. "पाहा, मोजा, मग बोला" हे मीच तिला शिकवलेलं. आणखी एक मी शिकवलेलं होतं: चुकलं तर मार नाही, फक्त बरोबर उत्तर दहा वेळा लिहायचं, सुंदर अक्षरात. अर्ध्या तासाने ती धावत आली.

"आजोबा, काठीपासून पाणी चाळीस पावलं मागे गेलं."

"समुद्र श्वास घेतो, बाळा. आत, बाहेर."

"चाळीस पावलांचा श्वास?"

"मोठा आहे ना तो."

दुपारभर आम्ही तिथे बसून राहिलो. लोक गुहा बघून परत आले, आइस्क्रीम खाऊन घरी गेले. तीननंतर किनारा जवळजवळ रिकामा झाला. मी म्हटलं, "बघा, ऐन ओहोटीच्या वेळी मंडळी निघाली. अभ्यास नाही, दुसरं काय."

चारला आम्ही कड्याला वळसा घालून गुहेत शिरलो. काय सांगू तुम्हाला! आत हिरवट अंधार, छतावरून टपकणारं पाणी आणि भिंतीवर दगडाचे थर, एकावर एक, घावनाच्या चवडीसारखे. मी हरखून शिकवत सुटलो. लाटा कड्याच्या कमकुवत भागावर आदळतात, दगड झिजतो, पोकळी होते. जिज्ञासा बूट काढून लक्ष देऊन ऐकत होती. मी वही उघडली, एवढ्यात माझ्या पायाला गार लागलं.

"बाबा, पाणी," धर्मेश म्हणाला.

"शेवटची लाट असेल. चुकार."

मग आणखी तीन चुकार लाटा आल्या. आम्ही बाहेर पाहिलं, तर ज्या वाटेने आलो होतो, ती वाटच समुद्राने पुसून टाकली होती. धर्मेशने फोन काढला. गुहेत रेंज नव्हती. आम्ही गुहेच्या तोंडाशी असलेल्या एका उंच खडकावर चढलो. तुळशीने बसकण मारली, पिशवीतून तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी काढली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली.

"खाऊन घ्या. सव्वापाचला ओहोटी हाय," ती म्हणाली. ती चेष्टा होती, हे मला दुसऱ्या घासाला कळलं.

"उतरेल. अर्धा तास थांबा," मी म्हणालो.

जिज्ञासा खाली वाकून बघत होती. "आजोबा, ओहोटीत पाणी बाहेर जातं ना?"

"हो."

"आणि पाण्यावरच्या वस्तूसुद्धा बाहेर जातात?"

"अर्थात."

"मग माझा बूट आत का चाललाय?"

आम्ही चौघांनी बुटाकडे पाहिलं. छोटा, निळा, तरंगत, डुलत तो गुहेच्या आत, आणखी आत, अंधारात निघाला होता. मुलांनो, मी आयुष्यात पुष्कळ परीक्षक पाहिले, पण त्या बुटाइतका कडक कोणी नाही. मी वही मिटली. नातीला मी जे शिकवलं होतं, ते पाणी बनून तिच्या पायांकडे चढत होतं. मी तिला उचलून खांद्यावर घेतलं. बासष्टाव्या वर्षी माझ्याजवळ तेवढी एकच उंच जागा उरली होती.

"घाबरलीस, बाय?" तुळशीने तिला विचारलं.

"नाही. मी मोजतेय. दर लाटेला दोन बोटं."

तेवढ्यात मोटारीची घरघर ऐकू आली. कोपऱ्यावरून एक बचावबोट वळून आली. बोटीत दोन माणसं होती, आणि दोघांच्या अंगात थेट माझ्यासारखा पिवळाधमक कोट! उल्हासनगरचा दुकानदार खोटं बोलला नव्हता. एकाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या बचावकेंद्राचे?"

"अंबरनाथ," मी म्हणालो.

बोट कोणी बोलावली, तर कुत्रेवाल्या आजींनी. किनाऱ्यावर त्या माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "जो माणूस ओहोटीला भरती म्हणतो, त्याच्यावर दिवसभर लक्ष ठेवावं लागतं." दुर्बीण त्यांच्या गळ्यातच होती. कुत्र्यानेही माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

घरी जाताना गाडीत वही मी बॅगेच्या तळाशी खुपसली. तिचं काम संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यायला बसलो, तर वही टेबलावर उघडी होती. बुधाजीच्या गणिताखाली जिज्ञासाने नीट रेघ मारून लिहिलं होतं: "हे गणित बरोबर आहे, पण ते मुंबईच्या समुद्राचं आहे. दुसऱ्या समुद्राला आधी काठी रोवून विचारावं." खाली कालच्या सगळ्या नोंदी होत्या. काठी, चाळीस पावलं, दोन बोटं, बूट. शेजारच्या नावांखाली तिने स्वतःचं नाव घातलं होतं. बुधाजी, त्याखाली माझा बाप, त्याखाली मी, आणि त्याखाली ती.

माझे डोळे भरून आले. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिने त्या हातात पेन्सिल ठेवली.

"दहा वेळा, आजोबा," ती म्हणाली. "सुंदर अक्षरात."

आणि खोडरबर उचलून स्वतःच्या खिशात टाकून ती शाळेला निघून गेली.