संगीत ऐकू आले काय?

आपल्याकडे काहीतरी चालू आहे हे कुणाच्या लक्षातच येऊ नये, हे कोणत्याही उत्तम संस्थेचे लक्षण होय. आमच्या हॉटेलात या तत्त्वासाठी एक स्वतंत्र वातावरण समिती आहे आणि मी तिचा सचिव आहे. (समितीत तीन सदस्य आहेत. उरलेले दोघे सभेला येत नाहीत, त्यामुळे सर्व निर्णय एकमताने होतात.)

आमच्या चहाच्या दालनात दुपारी तीन ते सहा एक गृहस्थ व्हायब्राफोन वाजवतात. कमरेइतक्या उंचीवर मांडलेल्या धातूच्या सदतीस पट्ट्या, त्यांच्याखाली तेवढ्याच नळ्या आणि पायाशी एक पेडल, असे हे वाद्य आहे. पेडल दाबून धरले की सूर घुमत राहतो, पाय उचलला की गप्प होतो. गृहस्थ लोकर गुंडाळलेल्या चार काठ्यांनी त्यावर जॅझ वाजवतात, म्हणजे चाल ठरलेली असते, पुढचे जागच्या जागी सुचावे लागते. ते सुचायला बावीस वर्षांची मेहनत लागली, असे ते सांगतात. मेहनत ते घरी करतात, तेव्हा समितीची हरकत नाही. आम्ही त्यांना पट्टीवाले म्हणतो.

मी खांबाआडून केलेल्या पाहणीनुसार शेकडा एकोणतीस पाहुण्यांना ते वाद्य वाटते, एकतीस जणांना सजावट आणि चाळीस जणांना टेबल. या चाळिसांनी त्यावर उष्ट्या बशा ठेवायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही 'येथे बशा ठेवू नयेत' अशी पितळी पाटी लावून घेतली. पट्टीवाल्यांच्या कलेची एखाद्या संस्थेने घेतलेली ही पहिलीच लेखी दखल. त्यांनी आभार मानले नाहीत, पण कलावंत लोक तऱ्हेवाईक असायचेच.

प्रत्येक टेबलावर आमचे एक कार्ड असते. त्यावर एकच प्रश्न आहे: 'संगीत ऐकू आले काय? होय / नाही.' खाली शेऱ्यासाठी दोन ओळी. 'होय' ही तक्रार समजली जाते, कारण संगीत ऐकू आले याचा अर्थ पाहुण्यांचे बोलण्यात लक्ष लागले नाही. 'होय' आल्यास चौकशी होते आणि तक्रार सिद्ध झाल्यास वाद्य त्याच दिवशी मागच्या जिन्याने खाली जाते. चार वर्षांत पट्टीवाल्यांविरुद्ध एकही 'होय' नव्हता. इतकी निर्दोष सेवा आमच्या लिफ्टचीसुद्धा नाही.

अशा सुरळीत कारभारात पट्टीवाल्यांचे वडील आले.

हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले, एकाही मापावर डोळे झाकून शिक्का मारला नाही. मुलाचे वाजवणे त्यांनी कधी ऐकले नव्हते. कुठल्याही कागदावर मुलाच्या व्यवसायापुढे ते 'खाजगी' लिहीत. आता नातीच्या शाळेचा अर्ज भरायचा होता आणि 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'वादक' लिहा, असा पट्टीवाल्यांनी प्रथमच हट्ट धरला होता. म्हातारे म्हणाले, "तपासल्याशिवाय मी काही लिहीत नाही. येतो एकदा."

ते खांबाजवळ बसले. पट्टीवाल्यांनी पँटला दोनदा हात पुसले आणि अर्ध्या तासाने आमच्या यादीत नसलेली एक चाल काढली. आई गेली त्या वर्षी त्यांनी ती बांधली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. चाल संपली, पण त्यांनी पेडलवरचा पाय उचलला नाही. शेवटचा सूर घुमत राहिला. म्हातारे उठले, वाद्यापाशी गेले, पट्ट्यांवर वाकून कान दिला आणि खिशातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले.

"अकरा सेकंद," ते म्हणाले. "चोख आहे."

पट्टीवाल्यांचे डोळे भरून आले. (वाद्यावर ओल पडू नये, असा नियम आहे. मी दुर्लक्ष केले.) मग म्हाताऱ्यांनी जागेवर येऊन पेन काढले, अर्जावर 'वादक' लिहिले आणि पेन हातात होतेच म्हणून आमचे कार्डही प्रामाणिकपणे भरले: होय. शेरा: स्पष्ट. शेवटचा सूर अकरा सेकंद. खाली सही, तारीख.

चौकशी त्याच संध्याकाळी अत्यंत निःपक्षपातीपणे झाली. त्या दुपारी दालनात आणखी एक्केचाळीस पाहुणे होते आणि एक्केचाळीस कार्डांवर 'नाही' होते. तक्रार निराधार ठरली. 'सदर वृद्धास वयोमानानुसार भास झाला असावा' असा निष्कर्ष मी काढला आणि पट्टीवाल्यांपुढे सहीला ठेवला.

"बाबांना भास झाला, असं मी लिहून देऊ?"

"लिहायचं काही नाही हो," मी समजूत घातली. "लिहिलेलं आहे. सहीच तेवढी करायची."

पट्टीवाल्यांनी पेन घेतले. रोज तीन तास वाजवू देणारी दुसरी जागा त्यांना माहीत नव्हती. त्यांनी सही केली.

दाराशी म्हातारे अर्ज घेऊन आमचे बोलणे ऐकत थांबले होते.

"केलीस सही?"

"केली, बाबा."

"मला ऐकू आलं होतं रे," म्हातारे म्हणाले. "पण एकट्याच्या साक्षीवर शिक्का बसत नाही." त्यांनी अर्ज भिंतीवर टेकवून 'वादक'वर दोन सरळ रेघा मारल्या, वर 'खाजगी' लिहिले आणि खाडाखोड केली म्हणून शेजारी छोटी सही केली.

पट्टीवाले आजही आमच्याकडे आहेत. त्यांची नोकरी वाचली ती एक्केचाळीस सुज्ञ पाहुण्यांमुळे, आणि ती सर्व कार्डे मी जपून ठेवली आहेत. वाचकहो, आपले कार्ड त्यांत एकोणिसावे आहे. आपण डावीकडच्या टेबलावर होता. त्या अकरा सेकंदांतल्या चौथ्या सेकंदाला आपण वेटरला साखर आणायला सांगितलीत. खालच्या दोन ओळींत आपण सुंदर अक्षरात लिहिले आहे: 'वातावरण छान.'