लागली का धार?

शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा आमच्या म्हातारीने, हिरीने, बांधावरच्या दगडावर तांब्याभर पाणी ओतलं. उंचावरून, बारीक. तोंडाने शूऽऽ चालू. लहान पोराला मुतवतात तसं. आणि मी नातवंडांचा आजा, बांधाकडे तोंड करून उभा.

"अवो, लागली का धार?"

"लागली गो."

"मग मी जाते भाकऱ्या टाकायला."

त्याच दुपारी चुलीपुढे बसल्या बसल्या ती गेली.

दुखणं माझं होतं. शहापूरचा डॉक्टर म्हणाला, आतली गाठ वाढलीय, प्रोस्टेट म्हणतात, म्हाताऱ्या बाप्यांची वाढते. वर रक्तात साखर निघाली. गोळ्या घ्या, पोट उतरवा, गोड बंद करा. नाहीतर एक दिवस लघवी अडेल, मग नळी घालावी लागेल. हिरी तिथंच उठून उभी राहिली. "नळी विहिरीवरच्या मोटारीला लावा. माझ्या माणसाला नाय."

त्या दिवसापासून गोळी ती हातावर ठेवायची आणि धार तिच्या ताब्यात. रोज सकाळी तिची आरोळी ऐकून शेजारची सुमन एकदा चरवी घेऊन आली. म्हशीची धार काढतायत असं वाटलं तिला, अर्धा लिटर दूध मागायला लागली. हिरी म्हणाली, "म्हस नाय गो, म्हातारा हाय. तो पण आटत आलाय."

सगळी आळी हसली. मी म्हटलं, जरा हळू बोलत जा, लाज वाटते. तर मलाच म्हणाली, "मुतायचं बंद पडलं तर लाज काय चाटायचीय?"

साखरेचा डबा तिने घराबाहेर काढला. पाहुणे तोंड वाकडं करून कोरा चहा प्यायचे. ती स्वतः पण तोच प्यायची. गोडाची खरी हावरी तीच. मुरबाडच्या बाजारात गुळाच्या ढेपेपाशी उभी राहायची, वास घ्यायची, पुढं चालू लागायची. तुला कुठं साखर आहे, तू खा की, असं म्हटलं तर म्हणायची, "एका घरात दोन चहा करायला मी काय हाटेल काढलंय?"

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची चूल थंडच होती. सुमन रीतीप्रमाणे तांब्यातून चहा घेऊन आली. गोड. वासावरूनच कळलं. ओटीवर माणसं बसलेली. मी तांब्या उचलला आणि बांधावर गेलो. उभा राहिलो. काही येईना.

मग हात उंच केला आणि चहा तिच्या दगडावर ओतला. बारीक. तोंडाने शूऽऽ केलं. मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला आवरा.

मी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडलो, "लागली गो."