शुभ्रकांत बगळ्याचा मध्यम

एका जंगलात, बाळांनो, संगीताची फार आवड होती. आवड म्हणजे काय, तर गाणं कुणालाच येत नव्हतं, पण व्हिडिओ सगळ्यांनाच करायचे होते.

तिथल्या एका मुंगसाने शहरातून सॉफ्टवेअर आणलं. युक्ती सोपी होती. पेटीसारख्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला एकेका प्राण्याची छोटीशी क्लिप जोडायची. पट्टी दाबली की पडद्यावर तो प्राणी येणार, आपला सूर लावणार आणि जाणार. सा दाबला की मोर, रे दाबला की बैल, ग दाबला की बकरी. मुंगूस पट्ट्यांवरून धावलं की झालं गाणं, झाला व्हिडिओ!

प कोकिळेचा, ध घोड्याचा, नि हत्तीचा. आणि म होता शुभ्रकांत बगळ्याचा.

शुभ्रकांतला काय आनंद झाला म्हणून सांगू! शूटिंगच्या दिवशी त्याने पुन्हा पुन्हा पंख धुतले. समोरून मासा गेला, तरी ढुंकून पाहिलं नाही. मान उंच करून असा काही म लावला की मुंगूसही म्हणालं, "वा, बगळोबा! मध्यम असावा तर असा!"

पहिला व्हिडिओ वडाखालच्या मोठ्या पडद्यावर लागला. शुभ्रकांतने सासरची मंडळी बोलावून पुढच्या फांदीवर बसवली. मोर आला, बैल आला, बकरी तर इतक्यांदा आली की तिचीच तिला लाज वाटली. गाणं संपलं. बगळा काही आला नाही.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आमचं लक्ष नव्हतं का? तुम्ही केव्हा येऊन गेलात?"

शुभ्रकांतची बायको धवला पंखात तोंड खुपसून बसली.

दुसऱ्या दिवशी तो तडक मुंगसाकडे गेला.

"त्याचं असं आहे," मुंगूस म्हणालं, "गाणं भूप रागातलं. भूपात म आणि नि वर्ज्य. मी तरी काय करणार? शास्त्र आहे."

"मग दुसरा राग घ्या."

"लोकांना भूपच लागतो हो."

इतक्यात ऊन गेलं. ढग नव्हता, हत्ती होता.

"माझा नि कुठंय?" त्याने विचारलं, आणि सहज म्हणून मुंगसाच्या बिळावर पाय ठेवला.

"दादासाहेब, नि तर भूपाचा प्राण!" मुंगूस म्हणालं.

पुढच्या व्हिडिओत हत्तीच हत्ती. शास्त्राने हूं की चूं केलं नाही.

शुभ्रकांतला घास गोड लागेना. धवला म्हणाली, "अहो, पाय धरा त्या मुंगसाचे. मला माहेरी तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

त्याने पाय धरले. मुंगसालाही एक अडचण होतीच. "सुरांच्या मध्ये मी दम खायला थांबतो ना, तेव्हा पडदा काळा पडतो. लोक उठून जातात. तिथे उभे राहाल? एका पायावर, चोच मिटून. आवाज मात्र काढायचा नाही."

"एकदासुद्धा?"

"चुकूनसुद्धा."

शुभ्रकांत उभा राहिला. आणि बाळांनो, गप्प उभं राहणं बगळ्याइतकं कुणाला जमणार? जंगल वेडं झालं. "काय ती शांतता!" "किती अर्थ आहे हो तिच्यात!" कोल्ह्याने त्या अर्थावर व्याख्यान दिलं. मागणी वाढली, तसं मुंगूस जास्त जास्त वेळ थांबू लागलं. पुढे पुढे तर गाण्यात एक सा उरला. बाकी सगळा बगळा.

सिंहाने त्याला 'स्वरभूषण' पदवी दिली. शाल पांघरवली, नारळ दिला आणि म्हणाला, "दोन शब्द बोला."

शुभ्रकांत पुढे झाला. त्याच्या गळ्यात म दाटून आला. कधी लागला नव्हता इतका सच्चा. चोच किंचित उघडली. सभा दचकली. मागून मुंगूस जोरजोरात मान हलवू लागलं. धवलाने हळूच त्याच्या पायावर पाय ठेवला.

शुभ्रकांतने तो म गिळला. मासा गिळावा तसा, सबंध. चोच मिटली आणि एक पाय वर घेतला.

टाळ्या काही थांबेनात.

बगळोबा आता संगीत परिषदेचे अध्यक्ष आहेत. सासरे भेटेल त्याला सांगतात, "आमचे जावई गातात."

तात्पर्य : मुलांनो, गळा कमावण्याच्या भानगडीत पडू नका. हत्ती होता आलं तर बघा. नाहीच जमलं, तर चोच मिटून उभं राहायचा रोज रियाज करा. घरचे सुखात राहतात.