देवधरकाकांच्या नोंदी

कॅनडातल्या वॉटर्लूला राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या देवधरकाकांनी मला दारातच मान खाली घालायला लावली. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. त्यांनी माझ्या केसांतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "भोवरा एक. मध्यापासून डावीकडे. नोंद घे."

"मनावर घेऊ नकोस रे," मागून काकू म्हणाल्या. "मला बघायला आले तेव्हाही आधी डोकंच बघितलं होतं."

काका घोड्यांचे डॉक्टर. पैदाशीच्या घोड्यांची ओळखपत्रं सगळ्या देशांत एकसारखी असावीत म्हणून एक आंतरराष्ट्रीय समिती होती, तिच्यात ते कॅनडाकडून वर्षानुवर्षं बसले. घोडा समुद्रापार गेला तरी तोच घोडा आहे हे पटलं पाहिजे, नाहीतर शिंगरांच्या वंशावळीवर विश्वास कोण ठेवणार? म्हणून अंगावरचा एकेक भोवरा, एकेक पांढरा ठिपका कागदावर मांडायचा. कसा मांडायचा यावर देशोदेशीची शहाणी माणसं तासन्‌तास भांडायची. शुभ-अशुभ लिहायचं नाही, सुंदर तर नाहीच. झूल, लगाम वगैरेंना रकानाच नव्हता. "खोगीर बदलतं, खूण बदलत नाही," हे काकांचं ब्रह्मवाक्य.

रिटायर झाले, समिती सुटली, खोड काही सुटली नाही. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मोटारी न वापरणाऱ्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांच्या घोडागाड्या दिसल्या की काका घोड्याच्या कपाळाला नाक लावून उभे. इकडे काकू गाडीत आइस्क्रीम सांभाळत बसायच्या.

मग काकू विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नातवंडांची नावं, मग घर. दाराला अलार्म लावा, असं मी दहादा सांगितलं. "मी आहे ना," काका म्हणायचे. "तिला माझ्याइतकं कोण ओळखतं?"

फेब्रुवारीतल्या एका दुपारी काका वॉशरूममध्ये असताना काकू बाहेर पडल्या. उणे अठरा होतं. मी धावत पोचलो तर पोलीसबाई वही घेऊन उभी, आणि काका सांगतायत, "लेफ्ट फोरआर्म, ओल्ड बर्न, टू इंचेस. मोल बिहाइंड द राइट इअर."

"सर, व्हॉट इज शी वेअरिंग?"

 काकांनी माझ्याकडे बघितलं. सकाळपासून दोघं एकाच टेबलाशी बसली होती आणि त्यांना रंग आठवेना. कोट होता की नव्हता, तेही सांगता येईना. मला त्यांची दया यायला हवी होती. मला राग आला.

काकू तीन तासांनी बसस्टॉपमागे बर्फात बसलेल्या सापडल्या. निळं कार्डिगन, कोट नाही. एका बसड्रायव्हरने त्यांना आधीच पाहिलं होतं, पण पोलिसांच्या मेसेजमध्ये कपड्यांचं काहीच नव्हतं, त्यामुळे त्याच्या लक्षात आलं नाही. काकू जगल्या, पण पुन्हा चालल्या नाहीत. त्यांना केअर होममध्ये ठेवावं लागलं.

काका रोज जायचे. घरी आले की मला फोन. "नोंद घे. राखाडी शाल, पिवळा स्वेटर, उजव्या कोपराला जरा उसवलेला." काकू आता कुठे जाणार नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी मुकाट्याने लिहून घ्यायचो.

मे महिन्यात काकू गेल्या. फ्युनरल होममधून काकांना मीच घरी सोडलं, चहा करून दिला आणि माझ्या घरी आलो. बूट काढतोय तोवर फोन.

"नोंद घे," काका म्हणाले. मी तसाच वही घेऊन बसलो.

"हिरवी साडी. लोकरीचे मोजे. वर विंटर कोट. बटणं मी लावली. सगळी लावली."