कोकंदच्या गोदामातली चोरीला गेलेली जागा

"बाकीचे लोक सुई शोधतात. मी नुसतं बघितलं तरी सुई शरमेनं बाहेर येते," असं म्हणून नुरमत-अका गोदामाच्या बंद काचेच्या दारावर नाकासकट आपटले. अख्ख्या फरगाण्यातले एकमेव खासगी गुप्तहेर! मी त्यांचा साहाय्यक. मेहुणा निवडता येत नाही.

मुरंब्याच्या कारखान्याचं हे गोदाम. पूर्वी खोक्यांचे चार थर चढायचे, आता एकावरच थांबलेले. उद्या जर्दाळूच्या मुरंब्याची नऊशे खोकी येणार. जागा झाली नाही तर गोदाम सांभाळणाऱ्या सनोबर आपा घरी, असं मालक तोहिर-अकांनी सांगून टाकलेलं.

"उघड आहे, छप्पर खाली येतंय," नुरमत-अका म्हणाले.

मोजलं. छप्पर जागच्या जागी. टेप मात्र त्यांच्या मिशीत अडकली.

"मग मुरंबा फुगतोय!"

सात बरण्या फोडल्या. मुरंबा उत्तम होता. आमच्या बुटांनाही आवडला.

"म्हणजे आपा, तुम्ही जागा विकताय!"

"अहो, सतरा वर्षं इथं राबतेय मी!" आपांचे डोळे भरले.

"सतरा वर्षांचं कारस्थान! लिहून घे."

मी लिहिलं नाही.

फरशी पुसणाऱ्या रिसोलत खालांनी फडकं आपटलं. "अरे शहाण्या, डोळे उघडून बघ. प्रत्येक थप्पीवर रोटी आहे."

होती. रशियाला कामाला निघालेला माणूस रोटीचा एक घास खातो, उरलेली परतल्यावर संपवतो. कारखान्यातले एकसष्ट जण गेलेले. एकसष्ट थप्प्या, एकसष्ट चावलेल्या रोट्या.

"आणि रोटीवर खोकं ठेवायचं? हात झडतील!" आपा म्हणाल्या.

"मग आधी सांगायचं नाही का?" तोहिर-अका ओरडले.

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांना माहीत आहे."

"भिंतीला खिळे ठोका आणि टांगा," खाला म्हणाल्या. "घरी काय करता?"

तासाभरात रोट्या भिंतीवर गेल्या आणि खोकी छपराला टेकली. तोहिर-अकांनी आपांना स्वतः चहा ओतून दिला.

"थांबा! ही रोटी बनावट आहे," म्हणत नुरमत-अकांनी शेवटची रोटी करकचून चावली. ती मालकांच्या मुलाची होती, दोन वर्षांपूर्वीची.

तुटून रोटीत रुतलेला त्यांचा दात निघेना म्हणून रोटी दातासकट टांगली.