सरळ आहे ना?

त्या सकाळी फ्रेमवाल्या बाबांची मान उजव्या खांद्याकडे कलली होती. त्यांच्या मते मात्र दुकानातल्या फ्रेमाच रात्रीतून डावीकडे झुकल्या होत्या. लेकीचं झाडून होईपर्यंत त्यांनी एकूण एक फ्रेम ‘सरळ’ केली.

“सरळ आहे ना?” त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

“उजवीकडून वर घ्या.” लेकीचं उत्तर जन्मभर हेच. काहीतरी वर, नाहीतर काहीतरी खाली.

“भिंत वाकडी आहे.”

शेजारचा न्हावी टॉवेल झटकत आला. “काका, बसा. एक झटका देतो, मान मोकळी!”

बाबा बसलेही. तेवढ्यात त्यांच्या हातातले खिळे पुन्हा सांडले. शर्टाची बटणंही भलत्याच काजात होती.

“बाबा, बोटांना मुंग्या येतायत?”

“आठवडाभर. मुंग्याच त्या, वाघ नव्हेत.”

“दादा, हात काढा,” ती न्हाव्याला म्हणाली. “आधी डॉक्टर.”

“अहो ताई, शेकडो माना मोडल्यात मी!”

“म्हणूनच म्हणते.”

डॉक्टरांनी बाबांना मूठ आवळायला लावली, चालवून पाहिलं आणि ते गंभीर झाले. “नुसती दुखली असती तर शेका म्हटलं असतं. पण हातातून वस्तू पडतायत, पाय अडखळतोय. मणक्यात मज्जारज्जूवर दाब आलाय. कुणी झटका दिला असता, तर...” वाक्य त्यांनी तिथंच सोडलं आणि फोन उचलला.

तोवर बाबांनी भिंतीवरची डॉक्टरांची पदवी ‘सरळ’ केली होती. “सरळ आहे ना?”

“बाबा, बसा खाली!”

ऑपरेशन झालं. मान सरळ झाली, तशा दुकानातल्या फ्रेमाही. बाबा पुढं कितीतरी वर्षं खिळे ठोकत राहिले आणि एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

महिन्याभरात लेकीची मान आखडून उजवीकडे कलली. शेजारी न्हावी होताच, पण ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी बोटं, मूठ, चाल, सगळं तपासलं. “नुसती आखडलीय. शेका, आणि जरा झोपत जा.”

तिनं भिंतीकडे पाहिलं. “पदवी सरळ केलीत वाटतं?”

डॉक्टर हसले. “तुमच्या वडिलांनंतर कुणी हात लावलेला नाही. वाकडीच आहे. ती ज्यांना सरळ दिसते, त्यांना मी जरा जास्त नीट तपासतो.”

तिनं पुन्हा पाहिलं. मान तशीच कललेली ठेवून, बराच वेळ.

“सरळ आहे, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली. “अगदी सरळ आहे.”